वर्गातील प्रवाळ-टाकी आणि गोगलगायींची चराई : वाचकांचे प्रश्न

शाळेच्या वर्गात खाऱ्या पाण्याची, जिवंत प्रवाळांची टाकी ठेवण्याची पद्धत अमेरिकेत आणि आखाती देशांतील काही शाळांत चांगली रुजली आहे. तेथे शिकवणाऱ्या मराठी शिक्षकांकडून या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे, ती म्हणजे शेवाळ; आणि त्यावर सुचवला गेलेला उपायही एकच आहे, तो म्हणजे गोगलगायी. त्याच विषयावर रत्नागिरी, पुणे आणि नाशिक येथूनही विचारणा झाली असल्याने हे सदर या वेळी त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे सातवीच्या वर्गाला विज्ञान शिकवते. वर्गात ४० गॅलनची प्रवाळ-टाकी आहे. तिच्यात क्लाउनफिशची एक जोडी, काही मऊ प्रवाळे आणि बराचसा खडक आहे. दिवाळीच्या सुमारास खडकांवर हिरवे, केसांसारखे शेवाळ वाढू लागले. दुकानदाराने ‘गॅलनला एक’ या हिशेबाने ४० गोगलगायी दिल्या. पहिल्याच आठवड्यात दहा-बारा मेल्या, पुढच्या दोन महिन्यांत आणखी तितक्याच गेल्या, आणि शेवाळ मात्र जागच्या जागी आहे. रसायन घालायचे नाही, असे मुलांनी ठरवले आहे. आमचे काय चुकले? — एक शिक्षिका

उत्तर : ‘गॅलनला एक’ हा हिशेब दुकानाच्या गल्ल्याला सोयीचा आहे, गोगलगायींच्या पोटाला नव्हे. तुमच्या टाकीत सुमारे १५० लिटर पाणी मावते, आणि खडक-वाळूची जागा वजा केली तर प्रत्यक्षात त्याहून कमीच. टाकी हिरवीगार दिसत असतानाही तेथे गोगलगायी उपाशी मरू शकतात, हे ऐकायला विचित्र वाटेल. परंतु बहुतेक जाती काचेवर आणि खडकावर बसलेला पातळ थर खरवडून खातात, आणि बोटभर लांब वाढलेल्या केसाळ शेवाळाला त्या फारशा तोंड लावत नाहीत. चाळीस जणींनी पातळ थर काही दिवसांत संपवला असणार, आणि मग उरले ते त्यांच्या कामाचे नव्हते.

मृत्यू दोन टप्प्यांत झाले, ही तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती आहे. पहिल्या आठवड्यातील मृत्यू उपासमारीचे नसतात, कारण गोगलगाय अन्नावाचून कित्येक आठवडे तग धरते. ते बहुधा क्षारतेच्या धक्क्याचे असतात. अनेक दुकाने आपल्या टाक्यांतील पाणी कमी क्षारतेचे ठेवतात, कारण त्यात मिठाची बचत होते आणि माशांवरील परजीवीही आटोक्यात राहतात. प्रवाळ-टाकीचे पाणी मात्र हजारी ३५ भाग क्षार, म्हणजे १.०२५ ते १.०२६ विशिष्ट गुरुत्वाचे असते. मासा आपल्या शरीरातील क्षार काही प्रमाणात सांभाळू शकतो. गोगलगायीला ते जमत नाही, बाहेरचे पाणी जसे बदलेल तसे तिच्या अंगातील द्रव बदलतात. म्हणून पिशवी उघडून ती थेट टाकीत सोडू नये. पिशवीतील पाण्यासह तिला एका भांड्यात ठेवावे आणि बारीक नळीने टाकीतील पाणी थेंबाथेंबाने त्यात तासभर, फरक मोठा असेल तर दोन तास, पडू द्यावे. आधी दोन्ही पाण्यांची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे थेंबभर पाण्यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणावर, मुलांकडून मोजून घेतली, तर एवढा वेळ का लावायचा हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नंतरच्या महिन्यांतील मृत्यू मात्र उपासमारीचे म्हणायला हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोगलगाय शेवाळ खाते, पण शेवाळ ज्यावर वाढते ते नायट्रेट आणि फॉस्फेट टाकीबाहेर नेत नाही. माळावर गुरे चरली की गवत कमी होते, पण शेण त्याच माळावर पडते. टाकीतही तेच घडते. खाल्लेल्या शेवाळाचा थोडा भाग गोगलगायीच्या अंगी लागतो, बाकीचा विष्ठेतून पाण्यात परततो आणि पुन्हा शेवाळाच्या उपयोगी पडतो. शिवाय मेलेली गोगलगाय वेळेवर उचलली नाही, तर तिच्या अंगी लागलेलेही परत मिळते, वर अमोनियाची भर. तुमच्या वीस-बावीस मेलेल्या गोगलगायींपैकी किती खडकांमागे राहून कुजल्या, हे पाहायला हवे. शेवाळ न हटण्याचे ते एक कारण असू शकते.

मग हे खत टाकीत येते कोठून? वर्गातील टाकीत ते जवळजवळ नेहमी खाद्याच्या डबीतून येते, कारण घरच्या टाकीला खाऊ घालणारे हात एक-दोन असतात आणि वर्गात ते तीस असतात. मुलांसाठी हे गणित फळ्यावर मांडण्यासारखे आहे. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, आणि त्याचे फॉस्फेट झाले की वजन सुमारे ३० मिलिग्रॅम. ते १५० लिटर पाण्यात पसरले तर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम होते. प्रवाळ-टाकीत फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या मर्यादेत असावे, असे सर्वसाधारणपणे मानतात. पूर्ण वाढ झालेला मासा खाद्यातील फॉस्फरस फारसा साठवून ठेवत नाही, त्यामुळे चिमूटभर जास्तीच्या खाद्याचे काय होते ते या आकड्यांतून दिसतेच. दोन क्लाउनफिशना दिवसाकाठी जेवढे दोन मिनिटांत संपेल तेवढेच द्यावे, खाऊ घालण्याची पाळी आठवडाभर एकाच विद्यार्थ्याकडे असावी, आणि डबी कुलपात असावी. हे शेवटचे थोडे कठोर वाटेल, परंतु वर्गातील शेवाळावर यापेक्षा परिणामकारक उपाय मला माहीत नाही.

फॉस्फेटची चाचणी शून्य दाखवत असेल तर तिच्यावर विसंबू नये. पाण्यात उतरलेले फॉस्फेट शेवाळ तितक्याच वेगाने शोषून घेत असते, म्हणून पाणी स्वच्छ ‘दिसते’. त्यातच टाकीतील खडक चुन्याचा असतो आणि तो फॉस्फेट धरून ठेवून सावकाश सोडत राहतो. त्यामुळे खाद्य कमी केल्यानंतरही फरक दिसायला काही आठवडे, कधी महिने लागतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

कामाचा क्रम असा ठेवावा, असे मी सुचवीन. प्रथम लांब शेवाळ हाताने उपटून काढावे; सुटणारा खडक असेल तर तो टाकीतील पाण्याने भरलेल्या बादलीत धरून जुन्या टूथब्रशने घासावा आणि ते पाणी फेकून द्यावे. उपटलेली प्रत्येक मूठ म्हणजे टाकीबाहेर गेलेले फॉस्फेट आहे, म्हणून मुलांनी ती तराजूवर तोलून नोंद ठेवायला हरकत नाही. दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलावे आणि त्यासाठी नळाचे पाणी न वापरता आरओ-डीआय गाळणीचे, म्हणजे विरघळलेले क्षार जवळजवळ पूर्ण काढून टाकलेले, पाणी घ्यावे. प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातील घाण वेगळी काढणारे यंत्र, असेल तर त्याचा पेला नियमित धुवावा. दिवे टायमरवर आठ तासांपुरते ठेवावेत, आणि टाकीवर खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर पडदा लावावा. एवढे झाले की खडकावर जे आखूड, खुरटलेले शेवाळ राहते, ते गोगलगायींचे खरे काम. आणि तेथे त्या फार उत्तम काम करतात. तुमच्याकडे उरलेल्या पंधरा-वीस गोगलगायी या टाकीला पुरेशा आहेत, नव्या आणू नयेत.

मुलांचा रसायन न वापरण्याचा निर्णय योग्य आहे, आणि त्याला एक व्यावहारिक आधारही आहे : शेवाळनाशक म्हणून आणि माशांच्या रोगांवर औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक द्रवांत तांबे असते. मासा सहन करील एवढे तांबेही गोगलगाय, कोळंबी आणि प्रवाळ यांना मारते, आणि ते खडकात मुरून राहते.

प्रश्न : दुकानात टर्बो, ट्रोकस, अ‍ॅस्ट्रिया, सेरिथ, नॅसेरियस अशी नावे लिहिलेली असतात आणि सगळ्यांवर ‘सफाई पथक’ अशीच चिठ्ठी असते. शाळेच्या टाकीसाठी यांतील कोणत्या घ्याव्यात? — एक पालक, न्यू जर्सी

उत्तर : शाळेसाठी एकच नाव घ्यायचे झाले तर मी ट्रोकसचे घेईन. तिचा शंख पसरट शंकूसारखा, बहुधा तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांचा असतो. ती काच आणि खडक दोन्ही खरवडते, आणि उलटी पडली तर पाय ताणून स्वतःला सरळ करते. दिसायला तशीच असलेली, कॅरिबियन समुद्रातील अ‍ॅस्ट्रिया खाण्यात कमी नाही. पण वाळूवर पाठीवर पडली की तिला उलटता येत नाही, आणि शुक्रवारी दुपारी पडलेली अ‍ॅस्ट्रिया सोमवारी सकाळपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ज्या टाकीकडे दोन दिवस कोणी फिरकत नाही, तिच्यासाठी हा फरक लहान नाही. ट्रोकस टाकीत प्रजननही करते. नर एका उंच जागी चढून धुरासारखा पांढरा झोत सोडतो आणि काही वेळात पाणी दुधाळ होते. वर्ग चालू असताना असे घडले तर तास सोडून तेच पाहू द्यावे.

मेक्सिकन टर्बो कॅलिफोर्नियाच्या आखातातून येते. ती लिंबाएवढी होते, आणि केसाळ शेवाळाचा फडशा पाडणारी बहुधा तीच एक. परंतु वाटेत येणारे, न चिकटवलेले प्रवाळाचे तुकडे ती ढकलून पाडते आणि उबदार पाण्यात फार काळ जगत नाही. दीडशे लिटरच्या टाकीत एक, फार तर दोन. सेरिथ ही लहान, टोकदार शंखाची. ती रात्री हिंडते, वाळूत शिरते आणि तेथील तपकिरी थर व गाळ खाते. पाच-सहा सेरिथ असाव्यात. नॅसेरियस शेवाळ खातच नाही. ती वाळूत पुरून बसते आणि मांसाचा वास लागताच सोंड वर काढून बाहेर येते. उरलेले खाद्य संपवायला ती चांगली, पण ‘शेवाळासाठी’ म्हणून तिची किंमत मोजू नये. मार्गारिटा नावाची गोगलगाय थंड पाण्यातील आहे. प्रवाळ-टाकीच्या २५ अंश सेल्सिअसला ती हळूहळू मरते, तरी विकली जाते. ती घेऊ नये. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची बंबलबी दिसायला गोड असली तरी मांसाहारी आहे.

गोगलगायींबरोबर रिकाम्या शंखात घर करणारे संन्यासी खेकडे ठेवायचे असतील तर त्यांच्यासाठी वेगवेगळ्या आकारांचे रिकामे शंख टाकावेत, नाहीतर ते घरासाठी गोगलगायीला मारतात. मुलांना हे नाट्य आवडते. गोगलगायींच्या बजेटला मात्र परवडत नाही.

प्रश्न : आमच्या टाकीत वाळूवर गडद लाल, चिकट पडदा पसरला आहे. गोगलगायी त्याला वळसा घालून जातात. यासाठी कोणती जात आणावी? — एक शिक्षक, दुबई

उत्तर : कोणतीही नाही. ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू आहेत, आणि गोगलगायी त्यांना टाळतात यात त्यांचा दोष नाही. नळीने पडदा ओढून काढावा, त्या कोपऱ्यात पाण्याचा प्रवाह वाढवावा आणि खाद्य कमी करावे. नववी-दहावीच्या वर्गाला ही टाकीतील घाण दाखवताना एक गोष्ट अवश्य सांगावी : सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात ऑक्सिजन साचू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे.

पडदा लाल नसून तपकिरी, शेंबडासारखा आणि बुडबुडे धरून ठेवणारा असेल, आणि त्याबरोबर गोगलगायी सुस्त होऊन पटापट मरू लागल्या असतील, तर प्रकरण वेगळे आहे. ती डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव, असण्याची शक्यता मोठी, आणि त्यांच्या काही जाती विषारी असतात. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणलेल्या टाक्यांत त्या माजतात, म्हणून ‘जितके कमी तितके चांगले’ हा नियम येथे लागू पडत नाही.

प्रश्न : आमची शाळा रत्नागिरीजवळ समुद्रकिनारी आहे. ओहोटीला खडपावर भरपूर गोगलगायी दिसतात. त्या आणि प्रवाळाचे एक-दोन तुकडे आणून वर्गात प्रवाळ-टाकी करावी, असा विचार आहे. मार्गदर्शन करावे. — एक मुख्याध्यापक

उत्तर : प्रवाळाला हात लावू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळांचा समावेश झाला, आणि त्या अनुसूचीतील प्राणी म्हणजे वाघाच्याच पंक्तीचे. जिवंतच काय, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा गोळा करणे किंवा विकणे हाही गुन्हा आहे. १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात तर इतर गोष्टी उचलण्यावरही बंधने आहेत. काही मोठे शंखही २००१ मध्येच संरक्षित यादीत आले. त्यांत अंदमानात गुंड्यांसाठी पकडला जाणारा मोठा ट्रोकस आहे, म्हणजे वर न्यू जर्सीच्या पालकांना सुचवलेल्या गोगलगायीचा थोरला भाऊबंद. भारतातील शाळेने जिवंत प्रवाळांच्या टाकीचा नाद करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोगलगायींचे म्हणाल तर आणखी एक कारण आहे, आणि ते सुरक्षिततेचे आहे. शंकूच्या आकाराच्या, सुंदर नक्षीच्या कोनस कुळातील गोगलगायी भारतीय किनाऱ्यांवर सापडतात. त्यांचा दात पोकळ भाल्यासारखा असतो आणि तो विष टोचतो. या कुळातील काही मोठ्या जातींच्या दंशाने माणसे दगावली आहेत. मुलांना ‘दिसेल तो शंख उचला’ असे सांगून खडपावर सोडणे म्हणूनच धोक्याचे आहे. शंख पाहावा, रेखाटावा, छायाचित्र घ्यावे, उचलू नये.

पण मला विचाराल तर तुमच्या शाळेला टाकीची गरजच नाही. नेराइट, टर्बो, ट्रोकस या ज्या कुळांसाठी परदेशातील शाळा पैसे मोजतात, त्या कुळांच्या गोगलगायी तुमच्याकडे दर ओहोटीला चरताना दिसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, भरतीचे वेळापत्रक पाहून, मुलांना घेऊन जावे. अर्धा मीटर लांबी-रुंदीची लाकडी चौकट खडकावर ठेवायची, तिच्यातील गोगलगायी मोजायच्या, आणि चौकटीचा किती भाग हिरवा आहे याचा अंदाज लिहायचा. हेच किनाऱ्याकडील कोरड्या खडकापासून पाण्याच्या कडेपर्यंत तीन-चार ठिकाणी करावे. नेराइट बहुतेक वरच्या पट्ट्यात, उघड्या खडकाच्या फटींत सापडतील. हीच सवय असल्यामुळे टाकीत ठेवलेली नेराइट काच चढून बाहेर पडते आणि सकाळी फरशीवर सापडते. पावसाळ्यात मात्र हा उपक्रम करू नये.

प्रश्न : गोगलगाय काचेवर चालते तेव्हा तिचे तोंड उघडझाप करताना दिसते. तिला दात असतात का? आणि ती शेवाळ कसे शोधते, डोळ्यांनी की वासाने? — इयत्ता आठवीचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : तू नीट पाहिले आहेस. आता भिंग काचेला लावून पुन्हा पाहा. तोंड उघडते तेव्हा आतून एक फीत बाहेर येते, काचेवर पुढे घासते आणि आत जाते. पुन्हा तोंड उघडते. त्या फितीला रॅड्युला म्हणतात. तिच्यावर बारीक दातांच्या ओळींमागून ओळी असतात, आणि पुढचे दात झिजले की मागून नवे पुढे सरकतात. काचेवर हिरवा थर दाट असेल तर गोगलगाय पुढे गेल्यावर तिच्या वाटेवर नागमोडी, स्वच्छ खुणांची रांग दिसते. प्रत्येक खूण म्हणजे एक घास. समुद्रकाठच्या खडकाला टोपीसारख्या चिकटून बसणाऱ्या लिम्पेट या गोगलगायीच्या दातांत गोएथाइट हे लोहाचे खनिज असते, आणि २०१५ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्‌समथ विद्यापीठातील संशोधकांनी मोजणी केली तेव्हा ते दात त्या वेळेपर्यंत ज्ञात असलेल्या जैविक पदार्थांत सर्वांत बळकट ठरले.

डोळे असतात, स्पर्शिकांच्या बुडाशी, काळ्या ठिपक्यांसारखे. उजेड आणि सावली त्यांना कळते, पण शेवाळाचा हिरवा डाग ती दुरून पाहून त्याच्याकडे चालत जाते असे समजू नकोस. वास आणि चव हीच तिची मुख्य साधने आहेत, आणि पुष्कळदा ती नुसती फिरत असताना तोंडाला लागेल ते खाते.

तुमच्या शाळेत टाकी असेल तर एक प्रयोग कर. चकाकी नसलेल्या, सारख्या आकाराच्या दोन मातीच्या फरश्या घे. एक तशीच ठेव आणि दुसरीभोवती प्लॅस्टिकच्या जाळीचा पिंजरा कर, म्हणजे पाणी जाईल पण गोगलगाय जाणार नाही. जाळीमुळे उजेडही थोडा कमी होतो, म्हणून पहिल्या फरशीवर वरून तशीच जाळी, बाजू उघड्या ठेवून, लाव. नाहीतर फरक चरण्याचा की सावलीचा, हे सांगता येणार नाही. तीन आठवड्यांनी दोन्ही काढून बघ. समुद्रात हा प्रयोग एकदा नकळत फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. कॅरिबियन समुद्रातील डायाडेमा नावाचे काळे, लांब काट्यांचे सागरी साळू १९८३-८४ मध्ये एका साथीने ९० टक्क्यांहून अधिक मेले. शेवाळ खाणारे मासे जमैकाच्या किनाऱ्यावर आधीच बेसुमार पकडले गेले होते आणि १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. आता चरणारे कोणीच उरले नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तेथील प्रवाळभित्तींचा निम्म्याहून अधिक पृष्ठभाग जिवंत प्रवाळांनी व्यापलेला होता, तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ५ टक्क्यांच्याही खाली आला आणि जागा शेवाळाने घेतली.

प्रश्न : आमच्याकडे गोड्या पाण्याची साधी टाकी आहे. शेवाळासाठी गोगलगायी ठेवल्या तर त्या बेसुमार वाढतील अशी भीती वाटते. — एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : गोड्या पाण्यात विकली जाणारी नेराइट घ्यावी. ती काचेवर तिळासारखी पांढरी अंडी घालते, पण पिल्लांना वाढायला मचूळ पाणी लागत असल्याने तुमच्या टाकीत ती वाढणार नाहीत. चकतीसारख्या शंखाच्या रॅम्सहॉर्न मात्र जेवढे जास्तीचे खाद्य पडेल तेवढ्या वाढतात. वाढलेल्या गोगलगायी नदीत किंवा तळ्यात सोडू नयेत. लातूर आणि बीडकडील शेतकऱ्यांनी २०२२च्या खरिपात गोगलगायींनी सोयाबीनचे काय केले ते पाहिले आहे. त्या जमिनीवरच्या होत्या, तरी नको तेथे पोहोचलेली गोगलगाय किती महाग पडते हे त्यावरून कळावे.

प्रश्न : मुलांनी टाकीत हात घालावा की नाही? माझी मुलगी रोज गोगलगायी सरळ करण्यासाठी हात घालते. — एक पालक, टेक्सास

उत्तर : आधी साबणाने हात धुवून, भरपूर पाण्याने साबण घालवून, आणि सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेले नसेल तरच. हाताला जखम असेल तर अजिबात नाही, कारण टाकीच्या पाण्यातील मायकोबॅक्टेरियम मरायनम या जिवाणूमुळे त्वचेवर बरेच महिने रेंगाळणारा संसर्ग होऊ शकतो. नंतर पुन्हा हात धुवावेत. गोगलगाय सरळ करायला लांब प्लॅस्टिकचा चिमटा पुरतो.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी स्वतःकडेच ठेवावी. बटणांसारख्या झोआँथिड प्रवाळांपैकी पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ही प्रवाळे असलेला खडक मुलांना घासायला देऊ नये, मोठ्यांनीही हातमोजे आणि चष्मा घालूनच तो हाताळावा, आणि शेवाळ मारण्यासाठी खडक उकळण्याचा ‘घरगुती उपाय’ कधीही करू नये. वाफेतून हे विष श्वासात गेल्याने घरातील माणसे एकदम रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

प्रश्न : लांब सुट्ट्यांत टाकीचे काय करावे? आणि पुढच्या वर्षी वर्ग बदलल्यामुळे टाकी बंद करावी लागली, तर गोगलगायी जवळच्याच समुद्रात सोडल्या तर चालतील का? — सॅन होझेच्या शिक्षिकांच्या सहकारी

उत्तर : सुट्टीतील मुख्य शत्रू भूक नव्हे, बाष्पीभवन आहे. ४० गॅलनच्या नेहमीच्या, ९१ बाय ४६ सेंटिमीटरच्या टाकीत पातळी १ सेंटिमीटर खाली गेली म्हणजे सुमारे ४ लिटर पाणी उडाले, आणि मीठ सगळे तेथेच राहिले. लांबलेल्या सुट्टीत पातळी ३ सेंटिमीटर उतरली तर क्षारता ३५ वरून ३८ च्या पुढे जाते. मग सोमवारी कोणीतरी घाईने बारा लिटर गोडे पाणी एकदम ओतते, आणि वर सांगितलेला क्षारतेचा धक्का उलट्या दिशेने बसतो. पातळी आपोआप भरणारे यंत्र बसवणे हा त्यावर खरा उपाय आहे. ते नसेल तर पाणी दोन दिवसांत थोडे थोडे भरावे. भरायचे ते गोडे, गाळलेले पाणी, खारे नव्हे. उन्हाळ्यात शाळेची वातानुकूलन यंत्रणा बंद होते का, हे व्यवस्थापनाला लेखी विचारून ठेवावे, कारण बंद खोलीत पाण्याचे तापमान ३० अंशांच्या वर गेले तर गोगलगायी आणि प्रवाळ दोन्ही जातात. खाद्याची चिंता कमी करावी. मासे आठवडाअखेर उपाशी राहिले तर काही बिघडत नाही, उलट काच स्वच्छ राहते.

समुद्रात सोडणे मात्र नाही. कॅलिफोर्नियाला याचा अनुभव आहे : २००० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील आग्वा हेडिओंडा या खाजणात कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे टाकीतून निसटलेले शेवाळ सापडले, आणि ते समूळ नष्ट झाल्याचे जाहीर व्हायला २००६ उजाडले. गोगलगायी ज्या दुकानातून घेतल्या तेथे परत घेतात का ते विचारावे, नाहीतर दुसऱ्या शाळेला द्याव्यात. सुस्थितीतील ट्रोकसला घेणारा सहसा मिळतो. खडकावरचे आणि गाळणीतले शेवाळ पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे आणि मगच कचऱ्यात टाकावे. टाकीतील पाणी शाळेच्या मोरीत ओतावे, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नव्हे. कारण ते गटार कोणत्याही प्रक्रियेशिवाय थेट खाडीला जाऊन मिळते.